नंतर आणि म्हणून

'नंतर' आणि 'म्हणून' हे मराठींतले दोन साधे शब्द आहेत. पहिला केवळ काळाचा क्रम सांगतो, दुसरा कार्यकारणाचा संबंध सांगतो. भाषेनें ते वेगळे ठेविले आहेत. मनानें मात्र ते क्वचितच वेगळे ठेविले. एक गोष्ट दुसरीच्या मागून आली कीं ती दुसरीपासूनच आली, असें मानण्याकडे मनाचा सहज कल असतो. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, एवढ्यावरून फांदी मोडल्याचा आरोप कावळ्यावर ठेवूं नये, ही गोष्ट आमच्या शास्त्रकारांनीं काकतालीय न्यायाच्या रूपानें फार पूर्वींच सांगून ठेविली आहे. तर्कशास्त्राचा नवशिका विद्यार्थीहि हा दोष परीक्षेच्या कागदावर बिनचूक ओळखतो. परंतु परीक्षेच्या दालनाबाहेर पडतांच त्याची ती ओळख बुजते, आणि त्याच्या गुरूंचीहि स्थिति याहून फारशी निराळी नसते.

प्रश्न केवळ बुद्धीचा असता, तर तो तर्कशास्त्राच्या ग्रंथांवर सोंपवून आम्हांस स्वस्थ बसतां आलें असतें. परंतु कारण दाखविणें आणि दोष देणें या दोन क्रिया व्यवहारांत इतक्या लगटून नांदतात, कीं घाईचें अनुमान हा पुष्कळदां घाईचा अन्याय ठरतो. म्हणून हा प्रश्न जितका तर्काचा तितकाच नीतीचा आहे, असें आम्हांस वाटतें. तो तपासण्यासाठीं आम्ही मुद्दामच एक क्षुद्र उदाहरण घेतों. मोठ्या उदाहरणांत राग, लोभ व अभिमान हे आधींच येऊन बसलेले असतात. क्षुद्र उदाहरणांत विचाराची वाट मोकळी असते.

समजा, एका विद्यार्थ्यानें आपल्या लॅपटॉपवर दोन तास चित्रफीत संपादन करण्याचें काम केलें. असलें काम यंत्राची सारी शक्ति मागून घेतें. पंखा घोंघावूं लागतो, तळ हातास चटका देतो, बॅटरी भराभर उतरते. काम आटोपल्यावर त्यानें ब्राउझर उघडला, आणि पाहतो तों एरव्हीं क्षणांत उघडणारें पान अर्ध्यावरच थबकलेलें. 'या प्रोग्रामनें वाय-फायची वाट लावली,' असा निकाल तो तेथल्या तेथें देऊन टाकतो. त्याचा मित्र इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस बोल लावतो. घरांतील वडील माणसें म्हणतात, लॅपटॉपच आतां म्हातारा झाला. तिघांचे निकाल तीन; पुरावा मात्र तिघांजवळ मिळून एकच, आणि तो म्हणजे 'नंतर' हा शब्द.

येथें पहिली चूक निकालाच्याहि आधीं, फिर्यादींतच झालेली आहे. 'वाय-फाय मंद झालें' हें वाक्य निरीक्षण नव्हे. तें अनुमान आहे. डोळ्यांनीं पाहिलें तें एवढेंच, कीं पान लवकर उघडलें नाहीं. पान उघडणें ही एक लांबलचक सांखळी आहे. लॅपटॉपची स्मृति व प्रोसेसर, त्यांतील बिनतारी उपकरण, खोलींत पसरलेल्या रेडिओ-लहरी, राउटर, राउटरपासून कंपनीपर्यंतची तार, आणि त्याहिपलीकडे कोठें तरी दूर असलेला संगणक, अशा या सांखळीच्या कड्या आहेत. यांपैकीं कोणतीहि कडी ढिली पडली, तरी पाहणाराच्या डोळ्यांस दिसणारा परिणाम एकच असतो.

आतां शक्यता किती आहेत त्या पाहूं. पहिली स्मृतीची. आठ जीबी स्मृतीच्या लॅपटॉपांत संपादनाचा प्रोग्राम ती बहुतेक सारी व्यापून टाकतो, आणि काम संपलें तरी तो मागें उघडाच राहिलेला असतो. मग न मावणारा ऐवज यंत्र तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवतें व लागेल तेव्हां परत आणतें. ही ने-आण स्मृतीच्या मानानें पुष्कळच मंद. अशा वेळीं पान तारेवरून वेळेवर आलेलें असतें. तें मांडावयास मात्र घरांत जागा नसते. दुसरी शक्यता उष्णतेची. प्रोसेसर फार तापला कीं स्वतःस जपण्यासाठीं तो आपला वेग आपणच उतरवितो, आणि निवेपर्यंत सगळींच कामें रेंगाळतात. तिसरी बॅटरीची. ती उतरली कीं यंत्र काटकसर करूं लागतें, आणि त्या काटकसरीची कात्री बिनतारी उपकरणासहि लागूं शकते.

चौथी शक्यता अशी, कीं तयार झालेली चित्रफीत ज्या फोल्डरांत ठेविली, तो ऑनलाइन साठ्याशीं जोडलेला आहे. कित्येक जीबींची ती फाइल कोणीं न सांगतां वर चढूं लागते. पुष्कळ घरगुती जोडण्यांत वर जाणारी वाट खालीं येणाऱ्या वाटेहून अरुंद असते. त्या वाटेवर एवढा मोठा गाडा चालूं लागला, कीं नव्या पानाची एवढीशी मागणीहि त्याच्या मागें रांगेंत उभी राहते. पांचवी शक्यता सर्वांत नवलाची आहे. चित्रफितीच्या कामासाठीं पुष्कळदां बाहेरची डिस्क जोडलेली असते. यूएसबी ३.० जातीच्या उपकरणांतून व त्यांच्या तारांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो, असें इंटेल कंपनीनें २०१२ सालीं एका निबंधांत मोजून दाखविलें. आणि वाय-फायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकीं जुना पट्टा नेमका तोच. अशा वेळीं ना प्रोग्रामचा दोष, ना कंपनीचा. डिस्क हातभर दूर सरकविली, किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला, कीं तक्रार मिटते.

सहावी शक्यता निव्वळ योगायोगाची. काम संपलें तेव्हां संध्याकाळ झालेली असते, आणि साऱ्या इमारतींतील माणसें त्याच सुमारास घरीं येऊन आपापले पडदे उजळवीत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत एकमेकींवर न सांडणाऱ्या वाहिन्या बहुधा तीनच, क्रमांक १, ६ व ११ यांच्या, धरल्या जातात. आणि एका वाहिनीवर एका वेळीं एकानेंच बोलावें व इतरांनीं तोंवर थांबावें, असा वाय-फायचा शिष्टाचार आहे. बोलणारे वाढले कीं प्रत्येकाची पाळी उशिरा येते. येथें संपादनाचा प्रोग्राम म्हणजे म्हणींतला तो बिचारा कावळा.

नैयायिकांनीं केलेला एक सूक्ष्म भेद या ठिकाणीं फार उपयोगी पडतो. मडकें घडण्यापूर्वीं कुंभार असतो हें खरें. परंतु कुंभाराचा बाप त्याहूनहि पूर्वीं असतो, आणि माती वाहून आणणारें गाढवहि आधींच येऊन गेलेलें असतें. म्हणून बाप व गाढव हीं मडक्याचीं कारणें होत नाहींत. जें आधीं असतें, पण ज्याच्यावांचून कार्याची उपपत्ति लागते, त्यास त्यांनीं 'अन्यथासिद्ध' असें नांव दिलें व कारणांच्या पंक्तींतून उठविलें. आमच्या उदाहरणांत मौज अशी, कीं एकच प्रोग्राम प्रत्येक शक्यतेंत निराळी भूमिका घेतो. स्मृति भरून टाकण्यांत तो साक्षात् कुंभार आहे. फाइल वर चढण्यांत तो कुंभाराचा बाप आहे, कारण त्यानें फाइलीला जन्म दिला एवढेंच. गोंगाट करणाऱ्या डिस्कच्या बाबतींत तो गाढव आहे, कारण त्याच्या निमित्तानें ती डिस्क येथवर आली. आणि संध्याकाळच्या गर्दीशीं तर त्याचा कांहींच संबंध नाहीं. 'प्रोग्राम चालविल्यानंतर' हें सहाहि ठिकाणीं सारखेंच खरें. 'प्रोग्राम चालविला म्हणून' याचा अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणीं बदलतो.

मग निवाडा कसा करावा? आमचे अन्वय व व्यतिरेक, आणि जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालीं आपल्या तर्कशास्त्रांत मांडलेल्या साम्याच्या व भेदाच्या पद्धति, यांचें सार या कामापुरतें एका वाक्यांत सांगतां येईल: बाकी सर्व तसेंच ठेवून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय होतें तें पाहावें. १९८३ सालीं माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें 'पिंग' नांवाचा एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. पाण्याखालील वस्तु शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून त्यानें हें नांव घेतलें. हा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रास हांक मारतो व उत्तर येण्यास किती वेळ लागला तें मोजतो. त्यानें प्रथम घरांतील राउटरला हांक मारावी. उत्तर कांहीं सहस्रांश सेकंदांत, आणि प्रत्येक वेळीं सारखें आलें, तर खोलींतील बिनतारी वाट निर्दोष आहे, असें मानण्यास आधार मिळाला. तें अडखळत आलें, तर गोंगाटाचा, गर्दीचा किंवा अंतराचा संशय घ्यावा. मग दूरच्या एखाद्या संगणकास हांक मारावी. राउटर चटकन् बोलतो व दूरचा उशिरा बोलतो, तर अडचण राउटरच्या उंबरठ्यावर किंवा त्याच्या पलीकडे. दोघेहि चटकन् बोलतात आणि पान तरीहि उघडत नाहीं, तर लॅपटॉपच्या पोटांत पाहावें. त्याच जागीं, त्याच राउटरवर फोन धरून पाहावा. तोहि रेंगाळत असेल, तर एकट्या लॅपटॉपला दोष देतां येत नाहीं. यानंतर डिस्क काढावी, वर चढणारी फाइल थांबवावी, मागें उघडा राहिलेला प्रोग्राम मिटावा. परंतु हें सर्व एकामागून एक, आणि प्रत्येक वेळीं पुन्हां मोजून.

यास पंधरा-वीस मिनिटें लागतात. व्यवहारांत आपण तसें करीत नाहीं. आपण लॅपटॉप बंद करून पुन्हां चालू करतों, राउटरहि काढून पुन्हां लावतों, आणि बहुधा पान उघडतें. उपाय म्हणून यांत निंद्य असें कांहींच नाहीं. परंतु त्यानें झालें काय तें पाहावें. स्मृति रिकामी झाली, प्रोसेसरला उसंत मिळाली, वर चढणारी फाइल थांबली, बिनतारी उपकरणाची घडी नव्यानें बसली, आणि कदाचित् पट्टाहि बदलला. सर्व संशयितांना एकाच वेळीं सोडून दिल्यावर चोरी थांबली, यावरून चोर कोण हें कसें ठरावें? या उपायानें रोगाबरोबर पुरावाहि नाहींसा होतो. आणि ज्यानें निकाल आधींच दिलेला असतो, त्यास वाटतें कीं आपला निकाल आतां सिद्ध झाला: 'बंद करून चालू केल्यानंतर सुरळीत झालें, म्हणजे त्या प्रोग्रामचाच दोष!' अशा रीतीनें एका खोट्या 'म्हणून'ला दुसऱ्या खोट्या 'म्हणून'चा टेंकू मिळतो.

उपायानंतर आलेला गुण उपायामुळेंच आला असें न म्हणण्यास किती मोठें मन लागतें, हें लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरानें दाखवून दिलें. १८५४ सालीं सोहो भागांत कॉलऱ्याची साथ उठली, तेव्हां ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचें पाणी हेंच तिचें मूळ आहे, असें त्यानें घरोघर चौकशी करून ठरविलें. आणि ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाचा दांडा काढण्यांत आला. साथ ओसरली. लोकप्रिय कथा येथेंच टाळ्या घेऊन संपते. परंतु पुष्कळ लोक तो भाग सोडून निघून गेले होते व दांडा काढण्यापूर्वींच साथ उताराला लागली होती, ही गोष्ट स्वतः स्नोनें आपल्या लेखांत नमूद करून ठेविली. त्याचा सिद्धांत खरा होता. तो सिद्ध करणारा पुरावा घरोघरच्या चौकशींत होता. दांड्याच्या विजयकथेंत नव्हता. खऱ्या सिद्धांतासहि खोटा पुरावा न जोडण्याची ही सचोटी आम्हांस त्याच्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

कोणी म्हणेल, लॅपटॉपवर खोटा आळ आला म्हणून बिघडलें काय? यंत्रास अब्रू नसते. हें आम्हांस मान्य आहे. परंतु मनाची संवय यंत्रापाशींच थांबत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, त्यानंतर थोड्याच महिन्यांत डॉ. वाल्डेमार हाफकीन यांनीं प्लेगवरची लस तयार केली, आणि जानेवारी १८९७ मध्यें ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोंचून घेतली. पुढें परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेंतून ती देशभर जाऊं लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं लस टोंचलेल्यांपैकीं एकोणीस माणसें धनुर्वातानें मरण पावलीं. लस टोंचल्यानंतर मेलीं. म्हणून लसीनें मेलीं. म्हणून लस बनविणारा दोषी. चौकशी समितीनें दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेविला, आणि हाफकीन यांस आपल्या पदास मुकावें लागलें.

वस्तुतः पुरावा प्रथमपासूनच निराळें कांहीं सांगत होता. तीं एकोणीसहि माणसें एकाच बाटलींतून टोंचलेलीं होतीं. त्याच दिवशीं इतर बाटल्यांतून टोंचलेल्यांपैकीं कोणासहि धनुर्वात झाला नाहीं. शिवाय, ती बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व नीट निर्जंतुक न करतांच तो वापरला गेला, असें साक्षींत आलें होतें. तात्पर्य, लांब सांखळीच्या अगदीं शेवटच्या कडीशीं झालेल्या गफलतीची शिक्षा पहिल्या कडीस झाली. रोनल्ड रॉस आदि शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं हें प्रकरण लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत धसास लावलें, तेव्हां कोठें त्याच वर्षीं हाफकीन दोषमुक्त झाले. मुंबईच्या त्या संस्थेला १९२५ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. परंतु एका कर्त्या माणसाच्या आयुष्यांतलीं पांच वर्षें एका 'म्हणून'नें खाल्लीं, तीं परत कोणीं दिलीं? ज्या विचारानें आपण राउटरपलीकडच्या कंपनीला सहज शिव्या देतों, त्याच विचाराची ही थोरली बहीण आहे.

यावर एक भाविक तोड सुचविली जाते: दुसऱ्यास दोष देण्यापेक्षां तो स्वतःकडे घ्यावा. ही वृत्ति सुंदर आहे. परंतु तीहि चौकशीची जागा घेऊं शकत नाहीं. याचें उदाहरण खुद्द इंटरनेटच्या इतिहासांत आहे. त्यावर माहिती लहान लहान पाकिटांनीं जाते. ऑक्टोबर १९८६ मध्यें कॅलिफोर्नियांत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ यांमधील माहितीचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन ठिकाणांतलें अंतर मात्र अवघें ४०० यार्ड. गर्दींत पाकीट हरवलें कीं धाडणारा तें पुन्हां धाडी, त्यानें गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकब्सन यानें १९८८ सालीं यावरील उपाय प्रसिद्ध केला. पाकीट हरवलें, तर वाटेवर गर्दी आहे व तींत आपलाहि वांटा आहे असें समजून प्रत्येकानें आपला वेग उतरवावा, हें त्याचें मर्म. जगाच्या व्यवहारास हा नियम तारक ठरला. परंतु तो तारांच्या जगांत घडला होता. बिनतारी वाटेवर पाकीट हरवतें तें गर्दीनेंच असें नव्हे. केवळ गोंगाटानेंहि हरवतें. तेव्हां धाडणारा विनाकारण स्वतःस दोषी मानून मंदावतो, आणि त्याच्या त्या नम्रतेनें कोणाचेंच भलें होत नाहीं. म्हणून हरवलेलें पाकीट वाय-फायच्या उपकरणानें शक्यतों आपल्या पातळीवरच पुन्हां धाडावें, अशी योजना ठेविलेली आहे. आत्मनिंदा ही परनिंदेहून सभ्य खरी. पण न तपासतां केलेली आत्मनिंदाहि एक घाईचा निकालच होय. घरांत कांहीं वाईट घडलें कीं 'माझ्याच पायगुणानें' असें म्हणून आयुष्यभर झुरणाऱ्या स्त्रिया ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हें अधिक सांगावयास नको.

शेवटीं एक आक्षेप उरतो, आणि तो खरोखर वजनदार आहे. आयुष्य थोडें, कामें फार. प्रत्येक अडचणीची शहानिशा करीत बसलें तर जगणेंच अशक्य होईल. आम्हांस हें मान्य आहे. प्रत्येक वेळीं कारण शोधून काढावें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. कारण न कळतां उपाय करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. वैद्यहि पुष्कळदां तसेंच करतो. ज्याला चित्रफीत रात्रीं आठापूर्वीं धाडावयाची आहे, त्यानें लॅपटॉप खुशाल बंद करून चालू करावा, आणि मग 'काम झालें. कशानें झालें तें मला ठाऊक नाहीं,' एवढेंच म्हणावें. कृति करण्यास ज्ञान अपुरें असलें तरी चालतें. आरोप करण्यास तें अपुरें असून चालत नाहीं. उपायाचा हक्क आणि निकालाचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत, व पहिला बजावल्यानें दुसरा मिळत नाहीं. 'ठाऊक नाहीं' हें वाक्य उच्चारतांना आपला कमीपणा दिसतो असें लोकांस वाटतें. आमच्या मतें चौकशीस सवड नसलेल्या माणसाला सत्यनिष्ठ राहण्याची ती एकच वाट मोकळी आहे.

आणि ज्यास पंधरा-वीस मिनिटांची सवड आहे, त्यानें ती यंत्रापाशीं अवश्य खर्चावी. यंत्र रागावत नाहीं, खुशामत करीत नाहीं, आणि खोट्या आरोपानें दुखावत नाहीं. तें पुन्हां पुन्हां विचारलें तरी न कंटाळता उत्तर देतें. न्याय करावयास शिकण्यासाठीं याहून स्वस्त शाळा दुसरी कोणती मिळणार? सून घरांत आल्यानंतर धंदा बसला, नवा शेजारी राहावयास आल्यानंतर चोरी झाली, परगांवचे लोक आल्यानंतर गांवांत रोग पसरला, अशीं वाक्यें उद्यां आपल्या कानांवर येणारच आहेत. त्यांतला 'नंतर' खराहि असेल. त्याच्या जागीं 'म्हणून' बसविण्यापूर्वीं जो क्षणभर थांबेल व आणखी काय काय बदललें होतें तें विचारील, त्याच्या हातून एखाद्या निरपराध माणसावरचा आळ तरी टळेल.